खिडकीजवळची जागा

लोअर परळच्या ऑफिसात खिडकीजवळचं टेबल साहेबांनी नवीनच लागलेल्या किर्तीला दिलं, तेव्हापासून विशाखाचा नुसता जळफळाट चालला होता. ती जागा कधीची मागत होती ती! त्या रागात ती किर्तीशी धड बोलतही नव्हती.

सोमवारी सगळे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडले गेले. आयटीतला हितेंद्र म्हणाला, "आता कुठल्याही मशीनवर तुमचा पासवर्ड टाका, तुमच्या फाइली तिथेच उघडतील. जागा मिळेल तिथे बसा."

मंगळवारी विशाखा सगळ्यांच्या आधी आली आणि खिडकीजवळ बसली. स्क्रीनवर स्वतःच्या फाइली उघडल्या तेव्हा तिला अगदी गार गार वाटलं. ऊन येतंय म्हणत तिने पडदाही सर्रकन ओढून घेतला. किर्ती मुकाट्याने मागच्या टेबलावर जाऊन बसली.

दुपारी जेवणाच्या वेळी ती जवळ आली. "विशाखाताई, जागा नको मला. फक्त पाच मिनिटं पडदा उघडू?"

"का गं? एवढं काय आहे तिकडे?"



"समोरच्या हॉस्पिटलात माझा नवरा आहे. जेवताना त्याला खिडकीत बसवतात. मी हात हलवला, तरच तो घास घेतो."