शेवटच्या गाण्याचा एको

आमच्या बँडमध्ये माझे सासरे ड्रम वाजवतात आणि मी सिंथेसायझर, म्हणजे सिंथ. शेवटच्या गाण्यात माझ्या सुरांचा एको, म्हणजे मागून उमटणारा पडसाद, सिंथमध्ये आधीच भरलेल्या लयीला बांधलेला असतो. त्यामुळे ड्रमचा ठेका जरा मागे पडला, की एको पुढे पळतो आणि चूक चव्हाट्यावर येते. हल्ली हे दर कार्यक्रमात व्हायचं. आज मध्यंतरात बँडमास्तरांनी मला गाठून स्पष्टच सांगितलं, "पुन्हा फसलं, तर उद्यापासून दुसरा ड्रमर."

हे मामंजींना सांगायची माझी छाती नव्हती. मी सिंथचं सेटिंग उघडलं आणि गाण्याची लय थोडी उतरवली. एकोही तिच्यामागोमाग संथ झाला. सेव्ह दाबलं, तर स्क्रीनवर प्रश्न आला: जुनं पुसायचं का? आणि नेमके मामंजी काठ्या घेऊन मागे उभे.

"काय चाललंय गं?"

"काही नाही, जरा पुसून घेतेय," म्हणत मी एका हाताने फडकं फिरवलं आणि दुसऱ्या हाताने 'हो' दाबलं.

गाणं सुरू झालं. ठेका आणि एको शेवटपर्यंत हातात हात घालून चालले. बँडमास्तरांनी लांबूनच मान डोलावली.

सामान गाडीत चढवताना मामंजी हळूच माझ्या कानाशी आले.



"सूनबाई, तुझा हात आज फार रेंगाळत होता. मी सांभाळून घेतलं. घरी कुणाला बोलणार नाही."