मूळ पत्रा

सदुसष्टाव्या वर्षी मी गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या सकाळच्या बॅचला रोज जाऊन पत्रा ठोकायला शिकलो. वडिलांच्या गंजक्या मोटारीला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळवून द्यायचंच, असा पण केला होता. खोटं सांगत नाही, माझ्या हातोड्याच्या ठोक्यावर गल्लीतले लोक घड्याळं लावायचे.

ठिगळं लावणं माझ्या स्वभावात नाही. दार गंजलं? फेकलं परसात, नवं घडवलं. बॉनेट गंजलं? तेही फेकलं. दोन वर्षांत गाडीचा एकूण एक पत्रा मी नवा केला. परसातला ढीग कमी होत गेला, तो भंगारवाला नेत असेल म्हणून मी बिनघोर.

"अहो, फेकता कशाला? थोडासा तर गंज आहे," बायको म्हणायची.

"तुला पत्र्यातलं काय कळतंय?"

मग ती दुपारी मैत्रिणीकडे निघून जायची. परत यायची ती नखांत काळं घेऊन. मला वाटायचं, तिकडे बागकाम चालतं.

प्रदर्शनात परीक्षकांनी माझ्या गाडीवरून हात फिरवला. "काम झकास, आजोबा. पण इंजिन सोडलं तर हिच्यात जुनं काहीच नाही. मूळ पत्रा कुठंय?"

पहिलं बक्षीस शेजारच्या गाडीला गेलं. तिचा पत्रा न् पत्रा जुना होता आणि तिला माझे तिन्ही मेहुणे ढकलत घेऊन आले होते. मिस्त्री टाळ्या पिटत ओरडले, "दुपारच्या बॅचनं नाव काढलं!"

 

स्टिअरिंगवर बसलेली बायको करंडक मांडीवर घेत म्हणाली, "अहो, आता इंजिन कधी काढून देताय?"