काकांचं पार्टिशन

"पत्रिकेतल्या एवढ्याशा दुरुस्तीला कॉम्प्युटर बंद करून परत चालू?" काउंटरला टेकलेलं गिऱ्हाईक पुटपुटलं.

वनमालाताईंच्या छापखान्यात कॉम्प्युटर एकच. पुस्तकं वाचून त्यांनीच डिस्कचे दोन भाग, म्हणजे पार्टिशन, पाडले होते: एकात नवी सिस्टिम, दुसऱ्यात जुनी, कारण छापखान्यातल्या म्हाताऱ्या टायपिस्ट गुरवकाकांच्या बोटांना जुनाच मराठी कीबोर्ड ठाऊक. एकातून दुसऱ्यात जायचं तर कॉम्प्युटर बंद करून परत चालू करावा लागे. वर्षभरात जुन्या भागात एकही लग्नपत्रिका झाली नव्हती. काका जुनेच मजकूर तपासत बसत, गिऱ्हाईक आलं की खुर्ची सोडत. तो भाग पुसायचं नाव कुणी काढत नसे.

आज नव्या भागात जागाच उरली नाही. पत्रिका सेव्ह होईना.

"दुसरी डिस्क आणू," ताई घाईघाईने म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "कशाला, ताई? जुन्या भागात आता काम नाही, नुसता मी आहे. पुसून टाका."