न संपलेलं पाकीट

माझा नवरा बोअरवेलच्या गाडीवर आहे. तो जातो तिथे पाण्याचीच बोंब, मग आंघोळ कुठली? दर खेपेला घामाने आंबून परत यायचं आणि दारातच माझ्यावर खेकसायचं, "एक बॅग धड भरता येत नाही तुला!"

म्हणून या वेळी मी अंग पुसायच्या ओल्या रुमालांचं मोठं पाकीट आणलं, केसांना लावायची कोरडी पावडर आणली, दोन्ही त्याला दाखवलीही. आणि तो गेल्यावर बघते तर दोन्ही ओट्यावरच राहिलेली! गुपचूप पिठाच्या डब्यामागे सारली. फोनवर विषयच काढला नाही.

आज बोलणी खायची तयारी ठेवूनच दार उघडलं. पण स्वारी खुशीत. केस भुरभुरीत, नखं स्वच्छ, मानेवर मळाची एक रेघ नाही.

"दहा दिवस पाण्याचा थेंब नव्हता," खुर्चीत ऐसपैस बसत तो म्हणाला. "तुझ्या रुमालांनीच तारलं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वर ती पावडर. पहिल्यांदाच बॅग नीट भरलीस."

"अहो, खरंच?"

"मग! कालच संपलं पाकीट."

मी स्वयंपाकघरात गेले, डब्यामागचं पाकीट काढलं आणि त्याच्या नाकासमोर त्याचं सील टर्रकन फाडलं.

 

लग्नानंतर पहिल्यांदाच तोंडून 'अहो' निघालं नाही. म्हटलं, "घे. थोबाड पूस."