सत्त्याऐंशी नंबर

"हा सत्त्याऐंशी नंबर कोणाचा हाय, तेवढं सांगा शालिग्रामभाऊ. मंग मी चालली घरी."

मनकर्णाबाईंनी पिशवीतून पाच पुस्तकं काढून टेबलावर आपटली. मोताळ्याच्या वाचनालयात पेपर चाळत बसलेल्या तिघाचौघांच्या माना वर झाल्या.

पाचही पुस्तकं भुताखेतांची. बाईंचे यजमान मार्तंडराव दुसरं काही वाचतच नसत. तलाठी म्हणून रिटायर झालेला माणूस, आणि वाचायचा काय, तर हडळ अन् मुंजा! बाई जन्मभर हसल्या. पण चार महिन्यांपूर्वी ते गेले, आणि घर खायला उठलं तशी बाई त्यांनीच वाचलेली पुस्तकं शोधून घरी नेऊ लागल्या. शोधायला सोपी होती. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून मार्तंडराव एकविसाव्या पानाच्या आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल करत.

पण प्रत्येक गोलात एक लाल ठिपका होता. टिकलीएवढा.

मागच्या पानावर सभासदांचे नंबर मांडलेला कागद चिकटवलेला. एकशे बारा, म्हणजे मार्तंडराव. लगेच खाली सत्त्याऐंशी. दुसऱ्या पुस्तकात तेच, तिसऱ्यात तेच. तारखा पाहिल्या तर अकरा वर्षांपासून तेच. बाईंना तीन दिवस घास गोड लागला नव्हता.

"काकू, असं कोणाचं नाव सांगता येत नाही मले," शालिग्राम म्हणाला. वाचनालय तोच सांभाळायचा.

"नका सांगू. लाल पेन मास्तरणीजवळच असते. ती कन्याशाळेतली शैलजाबाई, तिचाच ना?"

"काहीच्या काही नका बोलू काकू. लोकं ऐकून राह्यले."

"ऐकू द्या! चाळीस वर्सं संसार केला मी. अन् हे बुढे चिठ्ठ्या खेळत होते काय पुस्तकातून?"

शालिग्रामने कपाळाला हात लावला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आज शनवार हाय. सकाळची शाळा सुटली की सत्त्याऐंशी नंबर येते. बसा. तुमच्या डोयानंच पाहा."

शाळा म्हटल्यावर बाईंची खात्रीच पटली. त्या दाराकडे तोंड करून बसल्या आणि काय काय बोलायचं ते मनात जुळवू लागल्या.

पावणेबाराला शैलजाबाई आल्या. मनकर्णाबाई ताडकन उठल्या. शैलजाबाईंनी लोणच्या-मुरंब्यांचं पुस्तक टेबलावर ठेवलं, शेजारी आपलं कार्ड ठेवलं. दोनशे सहा. "काकू, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं, दिवाळी अंक घेतला आणि निघूनही गेल्या.

बाई मटकन खाली बसल्या. ही नाही, तर मग कोण? जिचं नावही आपल्याला माहीत नाही अशी कोणी?

बाहेर मोटरसायकल थांबली. हर्षल आत आला. त्यांचा एकुलता एक मुलगा, जवळच्या खेड्यावर शाळामास्तर. अकरा वर्षांपूर्वी त्याने धम्मशीलाशी लग्न केलं. "त्या पोरीचा पाय माझ्या घराला लागता कामा नये," असं मार्तंडराव म्हणाले, आणि बापलेकांचं बोलणं तेव्हापासून बंद. एकाच गावात राहून सुनेने सासरचा उंबरठा पाहिला नव्हता.

हर्षलचं आईकडे लक्ष नव्हतं. त्याने कार्ड टेबलावर ठेवलं. सत्त्याऐंशी. शर्टाच्या खिशाला लाल पेन.

"आई? तू इथं काऊन?"

बाईंनी टेबलावरची पाच पुस्तकं त्याच्यापुढे सरकवली. उत्तर शालिग्रामनेच दिलं. "काका पुस्तक वापस करायले आले की मले म्हणत, हे कपाटात लावू नको, सत्त्याऐंशीले दे. नाव नाही घेतलं कधी."

"अन् ठिपका?" बाईंनी विचारलं.

"वाचलं म्हणून करो," हर्षल खाली पाहत म्हणाला. "त्यायले समजावं म्हणून. लहानपणी लाइट गेली की बाबाच भुताच्या गोष्टी सांगत ना. मी भेऊन त्यायच्या कुशीत घुसो. तवापासून मले दुसऱ्या पुस्तकात मनच लागत नाही."

"अकरा वर्सं!" बाई कडाडल्या. "पुस्तकावर ठिपके द्याले हात उठत होता, अन् घरी याले पाय उठत नव्हता? अन् त्यायची जीभ झडली होती?" आणि बोलता बोलता त्यांना रडू कोसळलं. पेपर चाळणाऱ्यांनी माना पेपरात घातल्या.

शालिग्रामने हळूच ड्रॉवर उघडून एक पुस्तक काढलं. मार्तंडराव गेले तेव्हा त्यांच्या उशाशी होतं ते. बाईंनीच परत पाठवलं होतं. एकविसाव्या पानावर निळा गोल होता. आत काही नव्हतं. शहाण्णवाव्या पानात गोळ्यांचं रिकामं पाकीट खूण म्हणून घातलेलं, तसंच होतं.

"चार महिन्यांपासून हे ठेवून हाय याच्यासाठी," शालिग्राम म्हणाला. "नेतच नाही."

"काऊन नाही नेलं?" बाईंनी विचारलं.

"बाबाचं कुठी झालं अजून वाचून?" हर्षल म्हणाला.

बाईंनी पदराने डोळे पुसले. पुस्तक घेतलं, आतलं पाकीट हलू न देता पिशवीत घातलं आणि उठल्या. दारात जाऊन वळल्या.

"संध्याकाळी घरी येजो. शहाण्णवाव्या पानापासून वाचून दाखव मले." मग पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, "अन् एकटा येऊ नको. भुताची गोष्ट हाय."