किल्ल्याची राखण

सुट्टीवर आलेल्या दादाने माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम काढला, कॅसेटवर फुंकर मारली आणि टीव्हीवर रणगाडे उमटले. "चल वृंदे, लहानपणीसारखं! तू किल्ला सांभाळ, मी पुढे लढतो."

वृंदाचं डोकंच फिरलं. तेव्हाही हेच! पराक्रम सगळा याचा, किल्ला पडला की बोलणी मात्र तिने खायची. पुढे हा परदेशी गेला आणि अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं तिच्या गळ्यात पडलं. वर याच्या फोनवरून सूचना!

तिने रणगाडा वळवला आणि थेट शत्रूच्या अंगावर घातला.

"अगं, किल्ला!" दादा ओरडला.

"तू सांभाळ की!"

तेवढ्यात आतून आईची हाक आली. दादाने सवयीने तिच्याकडे पाहिलं.

तिने पडद्यावरून नजर हटवली नाही. "जा. बेडपॅन पलंगाखाली आहे."