जागच्या जागी

"काकू, ही गाडी कोण चालवतं?" शिकलगार मिस्त्रींनी इंजिनातून काढलेला व्हॉल्व्ह माझ्यासमोर धरला. तव्याच्या बुडाला बसतात तशी काळी पुटं चढली होती त्याच्यावर.

"कोणी नाही. हे गेल्यापासून रोज सकाळी मी नुसती चालू करते, बॅटरी उतरू नये म्हणून. चहा होईपर्यंत ठेवते आणि बंद करते."

"त्यानंच काजळी धरली. डिझेलची गाडी रस्त्यावर पळून तापली पाहिजे. जागच्या जागी चालू ठेवली की आत साचत राहतं."

म्हणजे मी जपत होते, तेच तिला बाधत होतं. वाईट वाटायला हवं होतं. हल्ली कशाचंच काही वाटत नाही.

मिस्त्रींनी व्हॉल्व्ह खरवडून, धुऊन परत बसवला. मग बॉनेटवर वाकून म्हणाले, "आत बसून ॲक्सिलरेटर दाबा. मी आवाज ऐकतो."

मी डावीकडचं दार उघडलं. रोज तिथूनच हात लांबवून किल्ली फिरवायचे.

"तिकडून कसं दाबणार, काकू?"

वळसा घालून मी पहिल्यांदाच यांच्या जागेवर बसले. यांचे पाय लांब. माझा पोचेना.

"सीटखालचा दांडा ओढा, येईल पुढं."

ओढला. खट् आवाज होऊन सीट पुढे आली. मी किल्ली फिरवली, पाय दाबला.

"बघा, कसा मोकळा आवाज आला!" मिस्त्री खूश झाले.

मी गाडी बंद केली.

"मिस्त्री, सीट आधी कुठवर मागं होती, बघितलं होतं का हो तुम्ही?"